दाजींचं बाकडं आणि दर्यावर्दीची बढती

तोंडवलीचा दर्यावर्दी स्पोर्ट्स क्लब जिंकायला लागला आणि सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती दाजी कांदळगावकरांची.

दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे हयातभर पाणी अडवण्याच्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या, पण पाणी अडलेलं प्रत्यक्षात फारसं पाहिलं नाही. त्यामुळे असेल, अडवाअडवीच्या कुठल्याही प्रयत्नाबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता, आणि दर्यावर्दी क्लबला तर काहीच अडवता येत नसे. जिल्ह्याच्या फुटबॉल लीगमध्ये हा संघ तळाच्या गटात, आणि तळाच्या गटातही तळाला. हरण्यातसुद्धा सातत्य लागतं, ते या संघाकडे होतं.

मैदान म्हणजे गाव आणि समुद्र यांच्यामधली सपाट जागा. एका अंगाला सुरूचं बन, त्याच्या पलीकडे किनारा. आमच्या पोरांनी चेंडू जोरात मारला तर तो समुद्रात जाई आणि हळू मारला तर गोलात, तोही आपल्याच. पावसाळा संपून जमीन वाळली की लीग सुरू होई, आणि दर रविवारी दाजी घरची प्लास्टिकची खुर्ची, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन सुरूच्या सावलीत जाऊन बसत. बाकी प्रेक्षक म्हणजे दोन गाई आणि चुकून वाट वाकडी केलेले पर्यटक. आपल्यावर गोल झाला की दाजी टाळ्या वाजवून म्हणत, "असूंदे, असूंदे!" हे इतक्या वेळा म्हणावं लागे की संघातल्या काही पोरांना तो खेळाचाच नियम वाटू लागला होता.

त्यांची बायको आनंदी दारातून विचारायची, "ओ, मॅच बघूक जातास की कोणाक पोचवूक?"

दाजी थर्मास काखेत मारून चालू पडत. निष्ठा ही गोष्ट बायकोला समजावून सांगता येत नाही, कारण ती लगेच विचारते की इतकी निष्ठा नारळ सोलताना कुठे जाते.

मग यंदा अक्षदा आली. अक्षदा ही पद्मावतीची मुलगी. पद्मावती म्हणजे गावात मासे विकणारी, आणि आवाजाच्या जोरावर मालवणच्या बाजारातही दबदबा असलेली बाई. मुलगी शिकायला गोव्यात राहिली, तिथे कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळली, मग तिथल्याच एका शाळेत खेळाची बाई झाली, आणि यंदा घरच्या ओढीने परत आली. क्लबला कोच नव्हताच. असण्याची गरज आहे हेही कोणाला सुचलं नव्हतं. अक्षदाने पहिल्या दिवशी सगळ्यांना अनवाणी, पाण्याच्या कडेच्या मऊ वाळूतून पळवलं. दुसऱ्या दिवशी निम्मेच आले. तिसऱ्या दिवशी पद्मावती स्वतः उरलेल्यांच्या घरोघरी जाऊन आली, आणि चौथ्या दिवसापासून सगळे येऊ लागले.

गोलकीपर विकी पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवायच्या धंद्यात होता. त्याला श्वास भरपूर धरता येई, चेंडू तेवढा धरता येत नसे. अक्षदाने त्याला चेंडू धरायला शिकवलं. बचावाला असलेला बाबली मच्छीमार बोटीवर कामाला होता आणि खेळता खेळता काठावरच्या लोकांशी गप्पा मारायची त्याला सवय होती. त्याला तिने सांगितलं, "बाबली, गजाली हाफ टायमाक." पुढे खेळणारा दीपेश पळायला चांगला होता, फक्त कुठल्या दिशेने पळायचं याबद्दल त्याचं मत ठाम नसे. ते तिने ठाम केलं.

आणि संघ जिंकला. पहिल्या विजयाला दाजी इतके गोंधळले की सवयीने टाळ्या वाजवून "असूंदे, असूंदे!" म्हणाले. मग दुसरा सामना जिंकला, तिसरा बरोबरीत सुटला, चौथ्यात आचऱ्याच्या संघाला आपण चक्क तीन गोल घातले. गावात बोलणं सुरू झालं. माणसं मैदानावर यायला लागली. आधी पोरं आली, मग बायका, मग चिवडा विकणारा आला. चिवडेवाला आला म्हणजे संघ नावारूपाला आला हे नक्की समजावं.

एका रविवारी दाजी खुर्ची घेऊन पोचले तर त्यांच्या जागेवर भाई बसलेले. भाई हे दाजींचे शेजारी. उभा जन्म मुंबईत नोकरी करून आता गावात स्थायिक झालेले आणि त्यामुळे सगळ्या विषयांवर बोलायला मोकळे. खाली घडीची खुर्ची, तिच्या हाताला पेला ठेवायची खोबण. आजूबाजूला कोंडाळं करून बसलेल्या लोकांना ते ऑफसाइड म्हणजे काय ते सांगत होते. चेंडू मैदानाच्या ऑफ साइडला गेला की ऑफसाइड, असं ते सांगत होते. माणूस क्रिकेटचा.

"भाईनू," दाजी म्हणाले, "ही माझी जागा."

"जागा?" भाईंनी खोबणीतला पेला उचलला. "सातबाऱ्यार तुमचा नाव आसा काय?"

लोक हसले. दाजी त्या दिवशी कॉर्नरच्या झेंड्याजवळ उन्हात बसले. आपला संघ दोन गोलांनी जिंकला, पण दाजींना त्यातला एकच दिसला, कारण दुसऱ्याच्या वेळी चिवडेवाला आडवा आला. ज्या माणसाने या क्लबचे शेकडो पराभव पहिल्या रांगेतून पाहिले, त्याला विजय मान वाकडी करून बघावा लागावा! घरी येताना त्यांनी ठरवलं की मैदानाच्या कडेला आपलं एक बाकडं बांधायचं. साधं. दोन दगड आणि वर फळी.

"बाकडा करूचा आसा तर करा," आनंदी म्हणाली. "पण माझी फळी नेव नकात. तिच्यार लोणच्याचे बरणये आसत."

मग दाजींना बनात वाऱ्याने पडलेलं एक सुरूचं झाड आठवलं. त्याचंच खोड आडवं टाकावं. पण विचारून केलेलं बरं, म्हणून त्यांनी वनरक्षकाला विचारलं. इथेच चूक झाली. सरकारी माणसाला काही विचारू नये हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

"पडलेलं झाडसुद्धा शासनाचंच असतं," वनरक्षक म्हणाला. "उभं असताना शासनाचं होतं. आडवं झालं म्हणून मालकी बदलत नाही."

भाईंनी लाकडाचा बेत ऐकून मान हलवली. त्या जागेच्या प्रकरणानंतर भाईंना जरा ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळलेला माणूस सल्ले फार देतो. "लाकूड नको. वाळवी खातली. चिऱ्याचा करा, जन्माचा काम होताला."

चिऱ्याचं करायचं तर पाठ हवी, असं आनंदीने सुचवलं, कारण पाठ दुखली की तेल तिलाच चोळावं लागतं. पाठ असलेलं चिऱ्याचं बाकडं एकट्यासाठी बांधणं सरपंच मथुरा यांना बरं वाटलं नाही. "दाजीनू, एकट्यासाठी बांधलास तर लोक काय म्हणतीत? त्यापेक्षा पायऱ्येच करा. शाळेच्या खेळांका होतीत." मग पायऱ्या बांधायच्या तर देवाला विचारायला हवं. देवळात कौल घेतला. देवाची हरकत नव्हती, पण मानकऱ्यांची होती. सुरूच्या कडेला गावाची राखण करणाऱ्या देवचाराचा दगड आहे, त्याच्याकडे पाठ करून सगळ्या गावाने बसायचं म्हणजे काय? तेव्हा पायऱ्या समोरच्या बाजूला सरकल्या. समोरच्या बाजूला संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. म्हणून छप्पर आलं.

याप्रमाणे दोन दगड आणि एक फळी यांचं पाच पायऱ्या आणि पत्र्याचं छप्पर झालं, आणि यात दाजींची स्वतःची अशी एकही कल्पना नव्हती. ते आपले सगळ्यांना "बरा" म्हणत गेले होते.

छपराचा बेत तलाठ्यांच्या कानावर गेला. ते मोटारसायकलवरून आले, जागा बघितली.

"हे किनारा नियमन क्षेत्र आहे. इथे पक्कं बांधकाम करता येत नाही."

"बांधकाम नाही साहेब, बाकडं आहे," दाजी कार्यालयीन मराठीत म्हणाले.

"छप्पर आहे?"

"ऊन लागतं म्हणून."

"पायऱ्या आहेत?"

"ती सरपंचांची सूचना."

"म्हणजे स्टेडियम," तलाठी म्हणाले. "जिल्ह्याच्या ऑफिसातून परवानगी आणा. तोपर्यंत एक दगडसुद्धा बसवायचा नाही."

स्टेडियम हा शब्द तलाठ्यांच्या तोंडून निघाला आणि मोटारसायकलच्या आधी मालवणला पोचला. बाजारात, दवाखान्यात, दाजी दाढी करायला गेले तिथे, जो तो विचारू लागला, "दाजीनू, स्टेडियम खंयपर्यंत इला?" एका लांबच्या भाच्याने तर तिथे चहाचा स्टॉल आपल्यालाच मिळावा म्हणून आत्तापासून शब्द टाकला. दाजींना रस्त्याने जाणं नको झालं.

संघ मात्र चढतच होता. देवगडला जाऊन जिंकून आला. हरता हरता कुडाळात बरोबरी करून आला. आणि शेवटी अशी वेळ आली की लीगचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, दोडामार्गच्या संघाशी. दोडामार्गची पोरं गोव्यात कामाला जाणारी, तिथल्या मैदानांवर खेळून तयार झालेली. त्यांची वरच्या गटातली जागा आधीच पक्की झाली होती. आपल्याला नुसती बरोबरी पुरत होती. बरोबरी झाली की दर्यावर्दी क्लब जन्मात पहिल्यांदा वरच्या गटात. हरलो की पुन्हा तळाच्याच गटात.

आणि नेमका त्याच आठवड्यात दाजींच्या मिठबावच्या मावसभावाचा फोन आला. त्याने आपला जुना गोठा पाडला होता, चिरे नुसते पडून होते. "फुकट देतंय, पण रविवारी सकाळी न्या. नायतर दुसरो माणूस तयार आसा." ट्रकवालाही रविवारी सकाळीच मोकळा होता. दाजींनी विचार केला. तलाठी दगड बसवायचा नाही म्हणाले होते. आणायचा नाही असं काही म्हणाले नव्हते. खात्यातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत शब्दांचा एवढा अभ्यास तर झालाच होता.

रविवारी सकाळी चिऱ्यांनी भरलेला ट्रक मैदानाच्या तोंडाशी आला. ड्रायव्हर घाटावरचा, नवखा. त्याने विचारलं, "काका, जमीन घट्ट आहे ना?"

"इतकी वर्षं बघतोय मी ही जमीन," दाजी म्हणाले. हे खरं होतं. फक्त खुर्चीवर बसून बघितली होती.

ट्रक मागे घ्यायचा होता. दाजी मागे उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागले. "येवंदे... येवंदे... येवंदे..." काठावर चारदोन माणसं जमली होती. माणसं बघत असली की हातवारे जरा मोठे होतात. ट्रक कडेकडेने यायचा तो हळूहळू आत आला, आणि दाजींनी "बस!" म्हटलं तेव्हा त्याची मागची चाकं बरोबर पेनल्टी बॉक्समध्ये होती. एक क्षण काही झालं नाही. मग वरची वाळलेली जमीन पापडासारखी मोडली आणि ट्रक शांतपणे मागच्या अंगावर बसला.

ड्रायव्हर खाली उतरला, चाकाकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. "तुम्ही येवंदे म्हणालात, काका."

त्यानंतर जे सुचलं ते सगळं करून झालं. चाकाखाली झावळ्या घातल्या. झावळ्या गेल्या. फळ्या घातल्या. फळ्याही गेल्या. भाईंनी गियर कुठला टाकावा ते सांगितलं, तेव्हा ट्रक आणखी वीतभर खाली गेला. मग रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बोलावला. तो मोठ्या डौलात आला आणि ट्रकपर्यंत पोचायच्या आधीच मधल्या वर्तुळात रुतला. आता मैदानात दोन वाहनं होती, आणि त्यांच्या उभं राहण्याच्या जागा पाहता दोडामार्गचा बचाव भक्कम दिसत होता.

दुपारी जेवणं झाल्यावर पंच आले. सावंतवाडीचे कडक गृहस्थ, गळ्यात शिट्टी, शर्टाला कांजी. त्यांनी मैदानाला एक फेरी घातली, ट्रकभोवती एक फेरी घातली.

"सामन्याच्या वेळेला मैदान मोकळं नसेल तर यजमान संघ हरला असं मी लिहिणार," ते म्हणाले. "आणि हे कोणी केलं?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. सगळं गाव दाजींकडे बघत होतं.

दाजी सुरूच्या झाडाला टेकून खाली बसले. इतकी वर्षं हा क्लब दुसऱ्यांनी बुडवला. कधी आचऱ्याने, कधी देवगडने, कधी कुडाळने. आणि आज वरच्या गटाच्या दारात आल्यावर त्याला बुडवायला बाहेरचा माणूस लागला नाही. तेवढ्यात आनंदी तरातरा आली. ती मैदानावर आजवर कधी आली नव्हती.

"खरा काय ता?" ती म्हणाली. "तुमी गोलात ट्रक घातलास?"

"गोलात नाय. बॉक्सात."

"मगे बरा झाला," आनंदी म्हणाली, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं बोलली नाही.

दाजी उठले. "मी घराक जातंय."

वाटेत विकी उभा होता, हातमोजे घालून. "दाजीकाका, जाव नकात," तो म्हणाला. "गोल खाल्लंय की मी पयलो तुमच्याकडे बघतंय. तुमी 'असूंदे' म्हणतास. घरचे पण तसा म्हणणत नाय. आज तुमी नसलास तर मी कोणाकडे बघू?"

दाजींनी उगाच छत्री उघडली आणि पुन्हा मिटली.

इतक्यात पद्मावतीचा आवाज आला. ती कमरेवर हात ठेवून ट्रकसमोर उभी होती. "काय बघतास सगळे? ह्या रुतलेला आसा, मेलेला नाय! आमी रापण ओढतो तेव्हा समुद्र आमका जेसीबी पाठवता काय?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. ते ओढायला अर्धं गाव लागतं, आणि त्याचे दोर मनगटाएवढे असतात. बायका धावल्या, किनाऱ्यावरच्या झोपड्यांतून दोर आले. पण आधी ट्रक हलका करायला हवा होता. माणसांची रांग लागली आणि चिरे हातोहात बाहेर जाऊ लागले. ठेवायचे कुठे? पद्मावतीने बोट दाखवलं तिथे, मैदानाच्या कडेला. एकावर एक, एकापुढे एक. दाजी रांगेत होते, त्यांच्यापुढे आनंदी, तिच्यापुढे भाई. प्रत्येक चिरा पुढे देताना भाई तो कसा धरायचा हे सांगत होते.

मग दोर बांधले. पद्मावतीने आरोळी दिली, "हैऽऽशा!" आणि पन्नाससाठ माणसांनी ओढलं. ट्रक हलला नाही, पण हलावंसं वाटल्यासारखा कुरकुरला.

तेवढ्यात दोडामार्गचा संघ बसमधून उतरला. सगळ्यांचे एकसारखे कपडे, एकसारख्या पिशव्या. त्यांचा कप्तान देवेश थोडा वेळ बघत राहिला. म्हाताऱ्या बायका दोर ओढताहेत आणि आपण बूट बांधत बसायचं हे त्याच्याच्याने होईना. त्याने पिशवी खाली टाकली आणि दोर धरला. त्याच्यामागून त्याची सगळी पोरं आली.

दर्यावर्दीची पोरं मात्र सावलीत होती. अक्षदानेच बसवली होती, दमू नयेत म्हणून. दोडामार्गची पोरं घामाने निथळताना पाहून दीपेश हळूच म्हणाला, "बाय, ओढूंदे तेंका. दमतीत तर बरा."

अक्षदाने त्याच्याकडे बघितलं. मग आपल्याच पायातले बूट वाळूत घट्ट रोवले. "उठा सगळे. पाव्हण्यांका ओढूक लावून आपण सावलीत बसाचा? अशी बरोबरी माका नको."

दोन्ही संघ एका दोराला लागले. "हैऽऽशा!" ट्रक एकदम सुटला, तेव्हा ओढणारे सगळे मागच्या मागे पडले, आणि दाजी दोडामार्गच्या गोलकीपरच्या मांडीवर. जेसीबी त्यामानाने लवकर निघाला. बायकांनी माशांच्या पाट्यांतून वाळू आणून खड्डे भरले, वर नाचून दाबले. पद्मावतीने सगळ्यांना कोकम सरबत पाजलं. पंच घड्याळ बघत होते. त्यांच्या शर्टाची कांजी पार गेली होती, कारण शेवटच्या ओढीला त्यांनीही हात लावला होता. मात्र ते त्यांनी नंतर मान्य केलं नाही.

सामना सुरू होणार एवढ्यात मोटारसायकल थांबली. तलाठी. कोणीतरी त्यांना फोन केला होता. कडेच्या चिऱ्यांवर गाव ओळीने बसलं होतं, तीन पायऱ्यांवर.

"दाजी, हे काय? मी सांगितलं होतं ना, एक दगड बसवायचा नाही?"

"बसवलेला नाही, साहेब," दाजी उठून म्हणाले. "ट्रक रिकामा केला. हा ढीग आहे."

"ढीग इतका सरळ?"

"आमच्या गावचे लोक शिस्तीचे आहेत."

तलाठ्यांनी एक चिरा हलवून बघितला. हलला. खाली ना सिमेंट ना चुना. त्यांचा नाइलाज झाला. "सामना झाल्यावर पाहतो," ते म्हणाले, आणि पाहायला सोयीचं म्हणून वरच्या पायरीवर जाऊन बसले.

सामना चांगला झाला असं म्हणता येणार नाही. दोर ओढून दोन्ही संघांचे खांदे उतरले होते. थ्रो घ्यायला हात वर करताना जो तो कण्हत होता. तरी दोडामार्ग तो दोडामार्गच. मध्यंतराच्या आधी देवेशने लांबून एक सणसणीत हाणला आणि विकी झेपावून कमी पडला. उठून त्याने काठाकडे बघितलं.

"असूंदे, असूंदे!" दाजी ओरडले. आणि या वेळी सगळ्या पायऱ्या त्यांच्यामागून ओरडल्या. आनंदीही. आनंदीचा आवाज तर सगळ्यांच्या वर.

मध्यंतरानंतर आनंदीला कोणी आवरू शकलं नाही. तिने पंचांना दोनदा आणि देवेशला एकदा सुनावलं. ती दाजींच्या दंडाला धरून उभीच राहिली. दीपेशचा एक फटका खांबाला लागला. तलाठी "अरेरे" म्हणून मागच्या माणसाच्या पायावर बसले. ऊन उतरलं, वेळ संपत आली, आणि शेवटी दर्यावर्दीला एक कॉर्नर मिळाला. पंचांनी घड्याळ बघून बोट वर केलं. हाच शेवटचा. अक्षदाने ओरडून विकीलासुद्धा पुढे पाठवला. आपला गोल मोकळा टाकून विकी समोरच्या बॉक्समध्ये धावला.

आणि इथे दाजींची हिंमत संपली. हरताना बघायला हिंमत लागत नाही, ते तर दाजी वर्षानुवर्षं सहज बघत आले होते. हे वेगळं होतं. दीपेशने चेंडू कोपऱ्यावर ठेवला, दोन पावलं मागे गेला, आणि दाजींनी डोळे गच्च मिटून ग्रामदैवत रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं.

डोळे उघडले तेव्हा सगळं गाव मैदानात होतं. पायऱ्या रिकाम्या. विकी आडवा पडला होता आणि त्याच्यावर दहा माणसं. पद्मावती अक्षदाला कडेवर घ्यायच्या बेतात होती. शिट्टी वाजली. एक-एक. बरोबरी. वरचा गट.

दाजी धावले, नाचले, देवेशला मिठी मारली, पंचांना मारली. पण गोल? तो झाला कसा? विचारायचं तर कसं विचारायचं? सगळ्यात जुना प्रेक्षक!

"दीपेशचो गोल!" भाई म्हणाले. "थेट कॉर्नरवरनं वळवल्यान. ह्येका ऑफसाइड म्हणतत!"

"विकीच्या टकलेचो," पद्मावती स्वतःच्या डोक्यावर थाप मारून म्हणाली.

"गुडघा," तलाठी म्हणाले. "पंचनाम्यात मी गुडघाच लिहीन."

दाजी प्रत्येकाला "होय तर, होय तर" म्हणत राहिले.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आनंदीचा आवाज पार बसला होता, तोंडातून नुसता वारा येई. तिने हातानेच सांगितलं, चहा तुम्ही करा. दाजींनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातून सांगू लागले, "काय गोल गो तो! दीपेशान असो वळवल्यान..."

मागे ताटावर चमचा खणकन वाजला. दाजी वळले. आनंदी मान हलवत होती. मग तिने आपले डोळे दोन बोटांनी मिटून दाखवले आणि त्यांच्याकडे बोट केलं. तुम्ही डोळे मिटले होते, मला माहीत आहे.

दाजींनी हातातली गाळणी खाली ठेवली.

आनंदीने दोन कप जमिनीवर अंतर सोडून ठेवले. हा गोल. त्यांच्यासमोर वाट्या मांडल्या. दोडामार्गच्या वाट्या उपड्या, आपल्या उताण्या. मधोमध तांब्या ठेवला. हा विकी. डब्यातून एक सुपारी काढून लांब कोपऱ्यात ठेवली. दाजी चहा सोडून समोर मांडी घालून बसले.

तिने सुपारी उचलून हवेतून आणली. तांब्या उडाला, कमी पडला, आडवा झाला. मग तिने एक वाटी उचलून दाजींना दाखवली आणि तोंड हलवून बडबड केल्याची नक्कल केली. हा बाबली. बाबली त्या क्षणी चेंडूकडे बघतच नव्हता. तो पाठ करून देवेशशी काहीतरी गजाली करत होता. आनंदीने सुपारी आणली आणि वाटीच्या बुडावर टपकन आपटली. सुपारी उडाली, दोन कपांच्या मधून गेली आणि चुलीखाली घरंगळली.

दाजींनी वाकून चुलीखाली बघितलं. मग दोन्ही हात वर करून उठले. "गोऽऽऽल!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. "दाजीनू, काय झाला?"

"गोल झालो, भाईनू! बाबलीच्या पाठीन घातल्यान!"

"मेल्या, तो मगाशीच झालो मरे!"

"होय," दाजी म्हणाले. "माका आत्ता दिसलो."